देव न मानणाऱ्यांचा पक्ष ठरवण्याआधी

(जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्था, त्यांचे आकडे छापणारे संपादक आणि त्या आकड्यांवर डावपेच आखणारे पक्षांचे निवडणूक विश्लेषक यांना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार,

निवडणूक जवळ आली की तुमचे तक्ते येऊ लागतात. जात, धर्म, वय, शिक्षण, शहर, खेडं असे रकाने पाडून कोण कुणाला मत देणार ते त्यांत मांडलेलं असतं. या तक्त्यांत देव न मानणाऱ्या माणसाची गत दोनपैकी एक होते. बहुतेक वेळा तो 'इतर' या रकान्यात जातो. तिथे पारशी, ज्यू, आदिवासी धर्म पाळणारे आणि 'उत्तर द्यायचं नाही' म्हणणारे असे सगळेच कोंबलेले असतात. क्वचित त्याला स्वतंत्र ओळ मिळालीच, तर तीन-चार डझन उत्तरांच्या जोरावर 'नास्तिकांचा कल अमुक पक्षाकडे' असं ठोकून दिलं जातं. पहिल्या प्रकाराला आम्ही दुर्लक्ष म्हणू, दुसऱ्याला बेपर्वाई. दोन्ही मुकाट्याने सोडून द्यावेत असं आता वाटत नाही.

आम्ही प्रश्नावल्या तयार करणारी, मुलाखतकारांना शिकवणारी आणि आलेली उत्तरं तपासणारी माणसं आहोत. आमच्यात देव न मानणारे आहेत, मानणारेही आहेत आणि मतदानाच्या दिवशी आमची बोटं एकाच बटणाकडे जात नाहीत. तुमच्या त्या एका ओळीवरून पुढे काय होतं ते आम्ही जवळून पाहतो. एका बाजूचे लोक नास्तिकांना घरचे समजून गृहीत धरतात, दुसऱ्या बाजूचे त्यांना शत्रुपक्षाचे ठरवून मोकळे होतात. उमेदवारी मागणारा माणूस आपला अविश्वास झाकून ठेवायला शिकतो. एवढं सगळं ज्या आकड्यावर उभं राहतं, तो आकडा तरी धड असावा ही अपेक्षा अवाजवी नाही.

पहिली तक्रार प्रश्नाबद्दल आहे, आणि तीच सगळ्यांत मोठी. 'तुमचा धर्म कोणता?' या एका प्रश्नातून तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी काढू पाहता: माणूस कोणत्या समाजाचा आहे, तो काय मानतो आणि तो काय पाळतो. या तिन्ही गोष्टी एकत्र चालतातच असं नाही. घरातला गणपती बसवणारा मुलगा देव मानत नसेल, रोज नमाज न पढणारा माणूस अल्लाहवर पूर्ण विश्वास ठेवत असेल. भारतात तर समाज आणि श्रद्धा यांची फारकत जुनीच आहे. जैन आणि बौद्ध परंपरा सृष्टिकर्त्या ईश्वराविना उभ्या आहेत. प्यू या अमेरिकी संस्थेने २०१९ ते २०२० दरम्यान भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ९७ टक्के लोकांनी देव मानत असल्याचं सांगितलं. पण बौद्धांपैकी एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असं उत्तर दिलं. तुमच्या तक्त्यात ही माणसं 'बौद्ध' या ओळीत असतात आणि 'नास्तिक' या ओळीत नसतात. मग 'नास्तिक कुणाला मत देतात' याचं तुमचं उत्तर नेमकं कुणाबद्दल असतं? बहुतेक करून घरच्या धर्माशी नातं उघडपणे तोडलेल्या, शहरी, शिकलेल्या, बोलक्या माणसांबद्दल. तो एक छोटा आणि वेगळ्या घडणीचा गट आहे.

प्रश्न बदलला की आकडा किती बदलतो, याचं आपल्याकडचं उदाहरण डोळे फिरवणारं आहे. २०११ च्या जनगणनेत स्वतःहून 'नास्तिक' अशी नोंद करून घेणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. त्यांतले साधारण साडेनऊ हजार महाराष्ट्रातले. १२१ कोटींच्या देशात हे प्रमाण ०.००३ टक्के भरतं. आठ-नऊ वर्षांनी प्यूच्या त्या सर्वेक्षणात थेट 'देव मानता का' असं विचारल्यावर प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के लोक नाही म्हणाले. म्हणजे फरक हजारपटीचा. मधल्या काळात लोकांनी हजारपटीने देव सोडला, असं कुणी म्हणणार नाही. जनगणनेच्या अर्जात सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते, बाकीच्यांसाठी नाव पूर्ण लिहायचं होतं. नास्तिकासाठी ठरलेलं खानं नव्हतं. शिवाय प्रगणकाला उत्तर देणारी व्यक्ती बहुधा घरातली एखादी मोठी असते आणि ती सगळ्यांचा धर्म एका दमात सांगून टाकते. 'धर्म सांगितला नाही' असे जे सुमारे २९ लाख लोक त्या जनगणनेत होते, त्यांनाही कुणीकुणी नास्तिकांत धरतं. ते तर सरळ चूक आहे. न सांगणं आणि न मानणं यांत अंतर आहे.

हे फक्त इथलंच दुखणं नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत 'तुमचा धर्म कोणता?' असा प्रश्न होता, म्हणजे धर्म असणारच हे आधीच धरलेलं. 'कोणताही नाही' म्हणणारे २५ टक्के निघाले. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या एका जुन्या सामाजिक सर्वेक्षणात 'तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?' असं विचारलं गेलं, तेव्हा नाही म्हणणारे निम्म्याच्या आसपास होते. ऑस्ट्रेलियात २०१६ च्या जनगणनेत 'धर्म नाही' हा पर्याय यादीच्या तळाहून सगळ्यांत वर आणला आणि प्रमाण पाच वर्षांत सुमारे २२ वरून ३० टक्क्यांवर गेलं. त्यातली खरी वाढ किती आणि पर्याय वर आल्यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही. प्रश्नाचे शब्द आणि पर्यायांचा क्रम न छापता टक्केवारी छापणं म्हणून निरर्थक आहे.

आणखी एक गुंता. स्वतःला नास्तिक म्हणवणं आणि देव न मानणं हेही एक नाही. अमेरिकेत प्यूच्या २०१४ च्या मोठ्या सर्वेक्षणात ९ टक्के लोकांनी देव किंवा वैश्विक शक्ती मानत नसल्याचं सांगितलं, पण स्वतःला नास्तिक म्हणवणारे ३ टक्केच होते. उलट, स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांतल्या ८ टक्के लोकांनी आपण देव किंवा तशी शक्ती मानतो असंही सांगितलं. (आमच्या मुलाखतकारांना यात काही नवल वाटत नाही. माणसं अशीच असतात.) नास्तिक ही पाटी स्वतःहून लावून घेणं ही बऱ्याचदा राजकीय कृती असते. मग पाटी लावणाऱ्यांचाच कल मोजून 'देव न मानल्यामुळे असा कल होतो' म्हणणं म्हणजे उत्तर आधी प्रश्नात घालून नंतर बाहेर काढणं झालं.

दुसरी तक्रार विचारण्याच्या पद्धतीबद्दल. घरात, सासूसमोर, शेजारी दारात उभा असताना 'देव मानता का?' याचं खरं उत्तर मिळेल ही आशा भाबडी आहे. मुलाखतकाराच्या नावावरून आणि कपाळावरून उत्तरदाता त्याचा अंदाज घेतो आणि उत्तर त्याप्रमाणे वाकतं. 'नास्तिक' हा शब्द अनेक घरांत शिवीसारखा वापरला जातो. तो प्रश्नात आला की 'नाही' म्हणण्याकडेच ओढा राहतो. यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. हा एक प्रश्न मुलाखतकाराने तोंडी विचारू नये. टॅब्लेट उत्तरदात्याच्या हाती द्यावा, किंवा वाचता येणाऱ्याला बंद चिठ्ठी द्यावी. वाचता येत नसेल तर हेडफोनवर प्रश्न ऐकवून फक्त बटण दाबायला सांगावं. मुलाखतीच्या वेळी घरातलं दुसरं कुणी हजर होतं का, याची नोंद मुलाखतकाराने प्रत्येक वेळी करावी. नंतर त्या नोंदीनुसार उत्तरं वेगळी करून पाहिली की दबाव किती होता ते दिसतं.

यादीची पद्धतही आहे. उत्तरदात्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करायचे. एका गटाला चार साधी विधानं द्यायची, दुसऱ्याला तीच चार आणि पाचवं 'मी देव मानत नाही'. कोणती विधानं लागू पडतात ते सांगायचं नाही, किती लागू पडतात एवढाच आकडा सांगायचा. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे देव न मानणाऱ्यांचं अंदाजे प्रमाण. गर्व्हेस आणि नाजल या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच पद्धत अमेरिकेत वापरली आणि अंदाज सुमारे २६ टक्के आला, थेट विचारल्यावर येणाऱ्या आकड्याच्या कितीतरी वर. त्यांच्या अंदाजाभोवतीची अनिश्चितता मोठी होती हेही सांगायला हवं. या पद्धतीच्या खोडीही ठाऊक असाव्यात. चारही साधी विधानं सगळ्यांना लागू पडणारी निवडली, तर पाच म्हणणारा आपोआप उघडा पडतो आणि खोटं बोलतो. म्हणून एक जवळपास कुणालाच लागू न होणारं आणि एक बहुतेकांना लागू होणारं विधान त्यात हवं. दुसरं असं की, या पद्धतीत कोण नास्तिक ते कळत नाही, फक्त किती ते कळतं. त्यामुळे पक्षाशी सांगड घालायची तर पक्षागणिक गट करून प्रत्येकात वेगळा फरक काढावा लागतो आणि त्याला नमुना फार मोठा लागतो. हे न करता यादीतून आलेलं प्रमाण आणि थेट प्रश्नातून आलेला पक्षकल एकाच वाक्यात बसवू नका. ते दोन वेगळ्या लोकसमूहांबद्दल आहेत.

तिसरी तक्रार गणिताची. १,५०० लोकांची चाचणी घ्या. तीन टक्के धरले तर त्यात देव न मानणारे ४५. तुम्ही लिहिता, 'नास्तिकांपैकी ६० टक्के अमुक पक्षाबरोबर'. म्हणजे २७ माणसं. ४५ जणांवर ६० टक्क्यांची त्रुटीमर्यादा, नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीला, सुमारे १४ अंकांची असते. खरं प्रमाण ४६ असू शकतं, ७४ असू शकतं. एका पक्षाची दुसऱ्यावरची आघाडी सांगायची तर ही मर्यादा जवळपास दुप्पट होते. त्यात भारांकन आलं, म्हणजे नमुना लोकसंख्येच्या प्रमाणात बसावा म्हणून काही उत्तरांना जास्त आणि काहींना कमी वजन देणं. एखाद्या तरुण ग्रामीण स्त्रीच्या उत्तराला चारचं वजन आणि शहरी पुरुषाच्या उत्तराला अर्ध्याचं, असं झालं की ४५ माणसांचा परिणामी नमुना (म्हणजे त्यांची उत्तरं प्रत्यक्षात जितक्या माणसांच्या उत्तरांइतकी भरवशाची ठरतात ती संख्या) सहज ३० वर येतो आणि मर्यादा १८ अंकांपर्यंत जाते. पूर्ण नमुन्याची 'अधिक-उणे अडीच टक्के' ही मर्यादा तक्त्याखाली छापून तीच या ओळीलाही लागू आहे असा भास निर्माण करणं, हे आम्हांला सगळ्यांत खटकतं.

याहून कमी बोलली जाणारी चूक म्हणजे चुकीच्या खुणा. ४५ सोडून उरलेल्या १,४५५ आस्तिकांपैकी फक्त एक टक्का लोकांची खूण चुकली, घाईत बोट घसरलं किंवा प्रश्न उलटा ऐकला, तर १५ आस्तिक नास्तिकांच्या रकान्यात येऊन बसतात. रकान्यात आता ६० माणसं आणि त्यांतला दर चौथा चुकून आलेला. खऱ्या नास्तिकांत एखाद्या पक्षाला ६० टक्के आणि बाकी लोकांत ४० टक्के पाठिंबा असेल, तर तक्त्यात ५५ दिसेल. छोट्या गटाचा कल असाच बोथट होत जातो. उलट दिशेची गळती, म्हणजे आपला अविश्वास लपवणारे, वेगळीच. म्हणून हा प्रश्न एकदाच विचारून चालत नाही. मुलाखतीत आधी एकदा आणि शेवटाकडे वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावा, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच त्या माणसाला या ओळीत धरावं.

मग उपाय काय? नास्तिकांचा कल पाच अंकांच्या आत सांगायचा असेल तर सुमारे ३८५ नास्तिक उत्तरदाते लागतात. तीन टक्क्यांच्या हिशेबाने एकूण नमुना जवळपास १२,८०० चा, आणि गावं किंवा वॉर्ड निवडून मुलाखती घेतल्या तर त्याच्या दीडपट-दुप्पट. एवढा खर्च कुणी करणार नाही, हे आम्हांलाही कळतं. पण दर महिन्याला १,५०० नव्या लोकांची चाचणी तुम्ही घेतच असाल, तर बारा फेऱ्या एकत्र करा. १८ हजार लोकांत ५४० नास्तिक येतील आणि मर्यादा चार-पाच अंकांवर उतरेल. अट एकच, प्रश्नाचे शब्द आणि जागा वर्षभर तीच राहिली पाहिजे. मधल्या काळात निवडणूक होऊन गेली असेल तर आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्या मिसळू नयेत.

चौथी तक्रार उसन्या निष्कर्षांची आहे. अमेरिकेत २०१४ च्या त्याच सर्वेक्षणात नास्तिकांपैकी ६९ टक्के डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि १५ टक्के रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले दिसले. हा आकडा जगभर फिरतो आणि 'नास्तिक म्हणजे डावा' हे सूत्र त्याच्याबरोबर फिरतं. त्या आकड्यामागे काय आहे ते पाहायला कुणी थांबत नाही. त्या नास्तिकांत ६८ टक्के पुरुष होते, मध्यम वय ३४ होतं आणि पदवीधरांचं प्रमाण सरासरीपेक्षा बरंच जास्त होतं. त्या देशात वय आणि शिक्षण कल एका बाजूला ओढतात, पुरुष असणं दुसऱ्या बाजूला. हे सगळं समान धरून, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच शिक्षणाच्या, त्याच भागातल्या आस्तिकाशी तुलना करूनच अविश्वासाचा स्वतःचा वाटा दिसेल.

आणि बाणाची दिशा, म्हणजे कशामुळे काय होतं? हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं की १९९० च्या दशकात अमेरिकेत 'कोणताही धर्म नाही' म्हणणारे ७ वरून १४ टक्क्यांवर गेले, आणि त्याचं एक कारण राजकीय होतं. धार्मिक उजव्या चळवळीशी नातं नको म्हणून मध्यम आणि उदारमतवादी लोकांनी धर्माची पाटी काढली. त्यांतल्या बहुतेकांची देवावरची श्रद्धा गेलेली नव्हती. इथे राजकारण आधी आलं आणि निधर्मीपणा मागून. चीनमध्ये तर हे नियमानेच घडतं. नऊ कोटींहून अधिक सदस्य असलेल्या कम्युनिस्ट पक्षात धर्म पाळायला बंदी आहे. तिथे पक्षाचं सदस्यत्व पाहून नास्तिकता मोजली तर शंभर टक्के येईल आणि त्यातून श्रद्धेबद्दल काहीच कळणार नाही. क्यूबाच्या कम्युनिस्ट पक्षाने १९९१ साली आस्तिकांना सदस्यत्व खुलं केलं. त्या ठरावाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी लोकांची श्रद्धा तीच होती, बदलला तो नियम. भारतातल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात आस्तिकाला सदस्य होण्याची मनाई नाही.

पूर्व जर्मनी हा जगातल्या सर्वांत निधर्मी भूभागांपैकी एक. बहुसंख्य लोक कोणत्याही चर्चचे सदस्य नाहीत. २०२५ च्या संसदीय निवडणुकीत, बर्लिन सोडून, पूर्वेकडच्या पाचही राज्यांत पहिला आला तो एएफडी, कडवा उजवा पक्ष. सूत्र तिथेच गळून पडतं. अर्थात यावरून 'निधर्मी माणूस एएफडीला मत देतो' असंही म्हणता येत नाही. भागाच्या आकड्यावरून व्यक्तीचं मत काढणं ही आणखी एक चूक, आणि आपल्याकडचे मतदारसंघनिहाय विश्लेषक ती रोज करतात.

व्यक्तींकडे पाहिलं तर सूत्राची आणखीच दैना होते. फ्रान्समधला शार्ल मोरास स्वतः अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळूच शकत नाही असं मानणारा, पण कॅथलिक चर्च आणि राजेशाहीचा कडवा पुरस्कर्ता. त्याच्या चळवळीला १९२६ साली खुद्द पोपने दोषी ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड उघड नास्तिक, मजूर पक्षाच्या, तरी २०१२ साली समलिंगी विवाहाच्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिलं. आपल्याकडे पोथीनिष्ठेवर आणि गोपूजेवर प्रहार करणारे सावरकर हिंदुत्वाचे प्रवर्तक, आणि फाशीच्या सावटाखाली आपली नास्तिकता लिहून ठेवणारे भगतसिंग समाजवादी क्रांतिकारक. गोरा म्हणून ओळखले जाणारे आंध्रचे गोपराजू रामचंद्र राव यांनी १९४० साली नास्तिक केंद्र काढलं आणि राजकारणात पुरस्कार केला तो पक्षविरहित लोकशाहीचा. त्यांना तुमच्या तक्त्यातल्या कोणत्या पक्षाच्या रकान्यात टाकणार?

मानवेंद्रनाथ रॉय यांचं उदाहरण तर महाराष्ट्रातल्या जुन्या रॉयवाद्यांना तोंडपाठ असेल. १९२० साली ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना, १९२९ साली आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेतून हकालपट्टी, १९३६ साली तुरुंगातून सुटल्यावर काँग्रेस, १९४० साली स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष, आणि १९४८ साली तोही विसर्जित, कारण पक्ष ही रचनाच नको असं त्यांचं मत झालं. या सगळ्या काळात त्यांचा निरीश्वरवाद तसाच राहिला. एका कायम राहिलेल्या गोष्टीने इतक्या वेळा बदललेली गोष्ट स्पष्ट होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कळतं.

तमिळनाडूची गोष्ट उलट्या बाजूने बोलकी आहे. पेरियारांची द्रविड कळघम ही संघटना उघड निरीश्वरवादी आणि निवडणुकांपासून दूर राहणारी. तिच्यातून १९४९ साली बाहेर पडून अण्णादुराईंनी निवडणूक लढवणारा द्रमुक काढला, तेव्हा त्यांनी 'एकच कुळ, एकच देव' ही भूमिका घेतली. मतं मागायची वेळ आली की पक्ष आपला निरीश्वरवाद मवाळ करतो. मतदारही तसंच करतो, उमेदवारही तसंच करतो. म्हणून पक्षाच्या जाहीर भूमिकेवरून त्याच्या मतदारांच्या श्रद्धेचा अंदाज बांधता येत नाही.

पक्षसंलग्नता तरी तुम्ही एका अर्थाने कुठे मोजता? सदस्यत्व, पक्षाबद्दल वाटणारी जवळीक आणि दिलेलं मत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सदस्यत्व मिस्ड कॉल देऊनही मिळतं. जवळीक वर्षानुवर्षं टिकते. मत मात्र उमेदवार, जात, आघाडी आणि 'निवडून कोण येईल' हे पाहून दिलं जातं. नास्तिकता जवळिकीवर काही परिणाम करत असेलही, पण तो मतापर्यंत पोचेपर्यंत किती उरतो ते मोजायचं असेल तर तिन्ही प्रश्न वेगळे हवेत. आणि डावं-उजवं ही मोजपट्टी इथे फार बेताने वापरावी. आरक्षण, भाषा, शेतमालाचे भाव या प्रश्नांवरचे इथले पक्ष त्या पट्टीवर नीट बसत नाहीत.

लोकप्रतिनिधींबद्दल थोडं. सभागृहात किती जण ईश्वरसाक्ष शपथ घेतात आणि किती जण गांभीर्यपूर्वक दृढकथन करतात, ते मोजून नास्तिक आमदार-खासदारांची यादी करू नका. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने दोन्ही पर्याय दिले आहेत आणि निवडीचं कारण कुणी विचारत नाही. अमेरिकेत पीट स्टार्क १९७३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, होते, आपण देव मानत नाही हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं २००७ साली. यामागचा हिशेब उघड आहे. १९५८ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं, तेव्हा फक्त १८ टक्के अमेरिकन लोक नास्तिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत द्यायला तयार होते. २०२० साली ६० टक्के. त्याच चाचणीत समाजवादी उमेदवाराला तयार होते ४५ टक्के. नास्तिक आणि समाजवादी यांत फरक करणं त्या मतदारांना जमतं. विश्लेषकांनाच का जमू नये?

शेवटची तक्रार सगळ्यांत गंभीर आहे आणि तिच्यात संख्याशास्त्र फारसं नाही. श्रद्धा, मत आणि राहण्याची जागा, ही तीन उत्तरं एका ओळीत असलेली कच्ची फाइल पक्षाच्या हाती गेली, तर छोट्या गावातला देव न मानणारा माणूस नावाविनाही ओळखता येतो. त्या वयाचा, त्या शिक्षणाचा, तसा माणूस गावात एकच असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली पुण्यात भर रस्त्यात हत्या झालेल्या राज्यात हा धोका समजावून सांगावा लागू नये. तरीही ग्राहक मागतो म्हणून बूथपर्यंतच्या तपशिलासह फायली दिल्या जातात.

तेव्हा आमच्या मागण्या. समाज, स्वतःची ओळख आणि श्रद्धा यांसाठी तीन वेगळे प्रश्न ठेवा, आणि आचरणाचा त्यांहून वेगळा. 'तुमच्या घरचा धर्म कोणता?', 'तुम्ही स्वतः कोणत्या धर्माचे आहात, की कोणत्याच नाही?' आणि 'देव किंवा तशी शक्ती आहे असं तुम्हांला वाटतं का?' हे शब्द पहिल्या तिघांसाठी चालतील. देवाबद्दलच्या प्रश्नाला 'नक्की आहे' पासून 'नक्की नाही' पर्यंत पाच पायऱ्या द्या, आणि 'उत्तर द्यायचं नाही' ही सहावी वेगळी. प्रश्नात 'नास्तिक' हा शब्द नको. हे प्रश्न मताच्या प्रश्नाआधी विचारल्याने उत्तर बदलतं का, ते पाहण्यासाठी निम्म्या लोकांना आधी आणि निम्म्यांना नंतर विचारा.

'इतर', 'धर्म सांगितला नाही' आणि 'देव मानत नाही' हे तीन रकाने कधीही एकत्र करू नका. गटात शंभराहून कमी उत्तरदाते असतील तर त्या गटाचा पक्षकल छापूच नका, फेऱ्या एकत्र होईपर्यंत थांबा. छापाल तेव्हा गटाची कच्ची संख्या, त्या गटाची स्वतःची त्रुटीमर्यादा आणि प्रश्नाचे मूळ शब्द त्याच पानावर द्या. वय, शिक्षण, लिंग आणि भाग समान धरून केलेली तुलना नसेल तर 'नास्तिक असल्यामुळे' असे शब्द वापरू नका.

संपादकांना विनंती की, हे तपशील नसलेली ओळ बातमीत घेऊ नका. मथळ्यात तर नकोच. पक्षांच्या विश्लेषकांना आम्ही एवढंच सांगतो की श्रद्धेच्या उत्तरासह जिल्ह्याच्या खालच्या पातळीचा तपशील मागू नका, आणि कुणी तो मागितला तरी संस्थांनी देऊ नये. या फायलींतून जागेचा तपशील जिल्ह्यापर्यंतच ठेवावा, वय दहा-दहा वर्षांच्या गटांत द्यावं आणि मूळ फाइल कुणाच्या हाती गेली याची नोंद ठेवून ती नोंद मागणाऱ्याला दाखवावी.

पुढच्या चाचणीची प्रश्नावली छापायला जाण्याआधी ती आम्हांला तपासायला मिळाली, तर त्याचा एक पैसाही आम्ही घेणार नाही.

आपले,
सर्वेक्षणाच्या कामातले काही नास्तिक आणि काही आस्तिक